लांब बियांची न्योजा

मित्रांनो, या अंगरूपला आधी कोणीतरी आवरा. परवा पुन्हा त्यानं दोन पाहुणे माझ्यापुढे आणून उभे केले, माझं एक फळ तोडलं आणि सोन्याचा दागिना दाखवावा तसं बोटांवर फिरवून दाखवलं. "बघा, वीतभर! अख्ख्या रोपांग गावात असं फळ मिळायचं नाही." पाहुण्यांनी माना डोलावल्या. एकानं माझ्या खोडाला टेकून फोटो काढून घेतला. पंचेचाळीस वर्षांचा घोडा झालाय हा अंगरूप, कानावरचे केस पांढरे झाले, पण माझी एक बी दातानं फोडून आत काय आहे ते त्यानं जन्मात पाहिलं नाही. खिळे मात्र ठोकले. एक कपड्यांच्या दोरीसाठी, एक टीव्हीच्या छत्रीसाठी, आणि एक कशासाठी ते त्याचं त्यालाही आठवत नाही.

मी एक जुनी न्योजा आहे. तुम्ही ज्याला चिलगोजा म्हणता आणि दुकानातल्या बरणीत लांबूनच बघता, तो माझ्या जातीचा दाणा. सतलजच्या दोन्ही अंगांच्या कोरड्या डोंगरांवर आमच्या जातीचं राज्य आहे. राज्य बाकीच्यांचं, माझ्या वाट्याला हे अंगण आलं. पाठीला स्वयंपाकघराची दगडी भिंत, पुढे सफरचंदांच्या पेट्या, आणि गेल्या सात वर्षांपासून कमरेभोवती सिमेंटचा कट्टा. कट्टा अंगरूपनंच घातला. म्हणाला, झाडाला शोभा येईल. आता मला खोडानं जाड व्हायचं म्हटलं तरी त्याच्या सिमेंटला विचारावं लागतं. समोरच्या धारेवर, त्या डोंगराच्या कण्यावर, माझ्या जातीची झाडं उभी दिसतात, रोज दिसतात. पण मला त्यांच्यात जाता येत नाही आणि ती इकडे येत नाहीत.

मी इथली नाही. माझं माहेर खाली, शोलिंगला. तिथं नदी जवळ, ऊन फार, जर्दाळू इथल्यापेक्षा महिनाभर आधी पिकतो. तिथल्या न्योजा उंच, त्यांची फळं लांब, आणि बिया अशा की नखानं दाबलं तरी टरफल उघडावं. आमच्याकडे लग्नात पाहुण्यांच्या गळ्यात न्योजाच्या बियांची माळ घालतात. त्या माळेसाठी बायका बिया निवडायला बसतात, तेव्हा लांब, सरळ आणि एकसारखी बी तेवढी घेतात, आखूड आणि वाकडी खायला बाजूला काढतात. शोलिंगच्या बिया माळेसाठी नावाजलेल्या. अंगरूपच्या आईचं, रतनभगतीचं, लग्न झालं तेव्हा निवडलेल्यांपैकी अकरा बिया ओवायच्या राहिल्या. तिच्या आईनं त्या तिच्या अंगावर पांघरायच्या लोकरी दोहडूच्या टोकाला बांधून दिल्या. त्या अकरांतली एक मी.

रतनभगती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. दोन दिवस चढून ती इथं रोपांगला आली. सासूनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "खालची पोर आहे. उन्हात पिकलेली. आमच्या थंडीत किती दिवस टिकते ते बघायचं." बर्फ वितळल्यावर रतनभगतीनं त्या अकरा बिया स्वयंपाकघराच्या भिंतीमागे ओळीत लावल्या. आमच्यामार्फत तिला सासूला उत्तर द्यायचं होतं, हे मला तेव्हाच कळलं.

आणि आम्ही दिलं की! अकराच्या अकरा उगवल्या. गावातल्या बायका बघायला आल्या, कारण धारेवरचं बी एवढ्या लवकर तोंड दाखवत नाही. ते आधी खाली मूळ सोडतं, दगडात बोट घालून बघतं, मग सावकाश वर येतं. आम्ही मात्र सगळ्या हिरव्यागार, मऊ, उतावळ्या. सासूसुद्धा एकदा वाकून बघून गेली.

सप्टेंबर आला. धारेवरच्या रोपांनी कधीच वाढ थांबवून अंग आवळून घेतलं होतं. आम्हाला कोण सांगणार? शोलिंगला सप्टेंबरात अजून उन्हाळाच असतो, आमच्या अंगात तेच हवामान लिहिलेलं. आम्ही नवे कोंब काढतच होतो, आणि एका पहाटे पांढरं, गोठलेलं दहिवर पडलं. दहा जणी काळ्या पडून माना टाकून बसल्या. मी ओळीच्या टोकाला होते, भिंतीला चिकटून, आणि त्या भिंतीच्या आत चूल होती. तेवढ्या उबेवर मी वाचले.

सासू उठायच्या आत रतनभगतीनं त्या दहा जणी उपटल्या आणि परसात पुरल्या. सकाळी सासूनं विचारलं, "बाकीच्या गं?" ती म्हणाली, "बाकीच्या कुठल्या? न्योजासारखं दिसणारं तण होतं ते. मी एकच लावली होती." हे तिचं पहिलं खोटं. मित्रांनो, त्या खोट्याच्या आत मी सत्तेचाळीस वर्षं उभी आहे.

पहिले तीन हिवाळे ती रोज दिवस कलताना बाहेर येई, अंगावरचा दोहडू काढी आणि माझ्यावर तंबूसारखा घाली. मग स्वतः चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसे. सासू विचारी, "दोहडू कुठाय?" ती म्हणे, "धुतलाय." तीन हिवाळे धुतला!

मी वाढले. भिंतीपेक्षा उंच झाले, मग छपरापेक्षा. माझी साल करड्या-हिरव्या पापुद्र्यांनी सुटायला लागली, तशी ती आमच्यात सगळ्यांची सुटते, रोग नव्हे. पंचविसाव्या वर्षी मला पहिली फळं धरली. लांब, जाड खवल्यांची, राळेनं चकाकणारी. हुबेहूब शोलिंगची. गाव जमलं. अंगरूप तेव्हा विशीतला, तो तर छपरावर उभा राहून लोकांना बोलावत होता.

आता एक गोष्ट सांगते, ती लक्ष देऊन ऐका, कारण ती मला कोणी शाळेत शिकवलेली नाही, माझ्यावर बेतलेली आहे. आमच्यात एकाच झाडावर पिवळी धूळ उडवणारे तुरेही असतात आणि ती धूळ झेलणारी कोवळी फळंही असतात. दाणा भरायचा तर दुसऱ्या झाडाची धूळ यावी लागते. धारेवरच्या न्योजांना थोडी ऊब पुरते. बर्फ गेलं न गेलं की त्या धूळ उडवून मोकळ्या. मला शोलिंगएवढी ऊब अंगात साठल्याशिवाय जागच येत नाही. माझी कोवळी फळं तोंड उघडतात, तोवर धारेवरचा पिवळा धूर विरून पंधरा दिवस झालेले असतात. वारा येतो तो रिकामा. मग माझीच धूळ माझ्यावर पडते. त्यानं टरफल धरतं, चांगलं लांब, सरळ, माळेत ओवावं असं धरतं. आत दाणा धरत नाही.

रतनभगतीनं त्या पहिल्या फळांच्या बिया उंबऱ्यावर बसून फोडल्या. एक फोडली, फोल. दुसरी, फोल. विसावी, फोल. ती तशीच टरफलांकडे बघत राहिली. सासू तोवर थकली होती, छपरावर उन्हात पडून असायची. तिनं वरून विचारलं, "काय गं, दाणा कसा आहे तुझ्या माहेरचा?"

"लोण्यासारखा," रतनभगती म्हणाली.

त्याच आठवड्यात तिनं शोलिंगला भावाकडे निरोप धाडला. दिवाळीआधी एक पोतं खेचरावरून गुपचूप आलं आणि तिच्या लाकडी पेटीत गेलं. पुढे दरवर्षी येत राहिलं. त्यातल्या बियांच्या माळा करून ती गावातल्या प्रत्येक लग्नात द्यायची, आणि लोक म्हणायचे, रतनआमाच्या न्योजाची माळ! माझी फळं ती एकटी काढी, एकटी बडवी, आणि बिया एकटीच चुलीत घाली. ज्यांना मी माझी लेकरं म्हटलं असतं, ती सगळी त्या चुलीत गेली. टरफलांना राळ असते, छान पेटतात. भिंतीतून ती ऊब माझ्यापर्यंत यायची.

माझी एवढी स्तुती झाली मित्रांनो, की मोजायची सोय नाही. पण स्तुतीच्या प्रत्येक शब्दानं तो कट्टा आणखी आवळत होता.

तीन वर्षांपूर्वी शाळेच्या डोक्यावरचा उतार सुटला. त्यावरच्या न्योजा दगडांसकट खाली आल्या. सुट्टी होती म्हणून वर्ग रिकामे होते, शाळेचं अर्धं छप्पर मात्र गेलं. तेव्हापासून पाऊस आला की उतारावरून खडे घरंगळत येतात आणि मास्तर मुलांना घेऊन गोठ्यात बसतात. गावानं ठरवलं, उतारावर पुन्हा न्योजा पेरायची. समिती झाली, प्रमुख अंगरूप. धारेवर भरपूर फळ दरवर्षी येत नाही, काही वर्षांनी एकदा येतं, आणि ते या वर्षी आलं होतं. या वर्षीचं बी चुकलं, तर पुढच्या बऱ्या वर्षापर्यंत उतार तसाच उघडा.

वनरक्षक पालमो खालच्या मोठ्या गावातली, पण आजोळ रोपांगचं. ती बियांची तीन पोती घेऊन आमच्या अंगणात आली आणि तीन गावांची फळंही चादरीवर ओळीनं मांडली. पहिली शोलिंगची. मी सत्तेचाळीस वर्षांनी माझ्या माहेरचं फळ पाहिलं. वीतभर, फुगीर, दिमाखदार. आरशात पाहिल्यासारखं झालं. त्याच्या शेजारी आमच्या धारेचं, मुठीएवढं, काळपट, राळेत लडबडलेलं. आणि तिसरं थुंगरचं, जिथं पाऊस वाट चुकूनच येतो. ते अंड्याएवढं, आणि बी मसुरीहून थोडी मोठी.

लोब्जंग म्हातारा थुंगरचं फळ उचलून म्हणाला, "हे फळ आहे की मेंढीनं मागे सोडलेलं काही?"

सगळे हसले. पालमो हसली नाही. "काका, जात एकच. जिथं जसे दिवस काढावे लागतात, तसं फळ होतं. टरफल जाड का, बी लहान का, त्याला कारण आहे. मला विचाराल तर धारेचंच पेरू."

"धारेचं?" अंगरूपनं ते फळ तळहातावर उडवलं. "गार्डसाहेब, तुम्ही लग्नात आखूड बियांची माळ घालून कधी मिरवलात का?"

"अंगरूपभाऊ, मला उताराचं लग्न लावायचं नाहीये."

"ऐक तर. बी म्हणजे बी. माळेला जी चांगली, ती पेरायलाही चांगली. माझ्या आजीपासून हेच चालत आलंय." मग त्यानं वळून माझ्याकडे बोट केलं. "आणि पुरावा हवा तर ही बघ. शोलिंगचीच आहे. उभी आहे की नाही? माझ्याहून दोन वर्षांनी मोठी!"

"एकच झाड आहे ते," पालमो हळूच म्हणाली.

"एक असो, शंभर असोत. जगली ना?"

माना हलल्या. ठरलं. खाली आणि मध्ये शोलिंगचं बी. सगळ्यात वर, शाळेच्या बरोबर डोक्यावर, माझं. या वर्षी रतनभगतीचे गुडघे धरले होते, म्हणून अंगरूपनं पहिल्यांदाच माझी सगळी फळं स्वतः काढली होती, बडवली होती आणि बिया पोत्यात भरून पोतं शिवून ठेवलं होतं. धारेचं पोतं? "ते आज भाजू," तो म्हणाला, "पेरायला जायच्या आधी सगळ्यांना मूठ मूठ."

खरं सांगू मित्रांनो? पहिल्यांदा मला बरं वाटलं. सगळ्यात वर माझी लेकरं! मग मला ती दिसली, ती टरफलं, उतारभर पसरलेली, रिकामी, आणि खाली मुलं पाढे म्हणताहेत. मी ओरडले. जीव खाऊन ओरडले. तुम्ही त्याला सुयांसारखी पानं वाजली म्हणता. लोब्जंग म्हणाला, "वारा सुटला, चादर धरा."

कुठे जाणार मी? पाठीला भिंत, कमरेला सिमेंट, अंगात तीन खिळे. जे काही होईल ते उंबऱ्यावर बसलेल्या त्या एका बाईच्या हातून होणार होतं. रतनभगती तकलीवर लोकर कातत होती. ती कधीची थांबली होती. तकली लोंबकळत होती आणि धागा आपोआप उलटा उलगडत होता. तिला सगळं ठाऊक होतं. बोलली असती तर सत्तेचाळीस वर्षांचं नाव पाण्यात. ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून आत गेली. मला वाटलं, गेली. दार लावून घेईल.

ती पितळेचं मोठं पातेलं घेऊन बाहेर आली. पाण्यानं काठोकाठ भरलेलं, हिंदकळत होतं.

"आमा, चहा नको आत्ता," अंगरूप म्हणाला.

"चहा तुझ्या सासऱ्याला दे. ते शिवलेलं पोतं फाड."

"अगं पण—"

"फाड म्हटलं ना."

तिनं माझ्या बियांची मूठ भरली आणि पाण्यात सोडली. सगळ्या तरंगल्या. एकही खाली गेली नाही. होड्यांसारख्या गोल फिरत राहिल्या. तिनं दुसरी मूठ टाकली. त्याही तरंगल्या. मग तिनं त्या ओंजळीनं काढून टाकल्या आणि धारेच्या बियांची मूठ सोडली. त्या खड्यांसारख्या तळाला गेल्या, आवाज झाला.

"फोल आहे," ती म्हणाली. "ही माझी न्योजा पहिल्या फळापासून फोल आहे. एक दाणा तिनं कधी दिला नाही."

लोब्जंगचं तोंड उघडं राहिलं. "मग आमच्या घरच्या लग्नात त्या माळा?"

"शोलिंगच्या. माझा भाऊ पाठवायचा. गोड लागल्या ना? मग मिटा तोंड."

अंगरूप लाल झाला होता, पण माघार घेणारा नव्हे. त्यानं शोलिंगच्या पोत्यातली मूठ पाण्यात टाकली. सगळ्या बुडाल्या. "बघ! हे भरलेलं आहे. झाडाचं सोड, शोलिंगचं पेरू."

खोल पाणी इथं होतं. फोल बियांचं सांगणं सोपं, ते झाडावर ढकलता येतं. पुढचं तिला स्वतःवर घ्यायचं होतं. ती कट्ट्यावर बसली, माझ्या खोडाला पाठ टेकून. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा टेकली.

"अकरा लावल्या होत्या मी," ती म्हणाली. "सगळ्या उगवल्या. सप्टेंबरातल्या पहिल्या दहिवरात दहा मेल्या. तण होतं म्हणून तुझ्या आजीला सांगितलं. ही भिंतीला होती, म्हणून राहिली. तीन हिवाळे अंगावरचा दोहडू काढून हिच्यावर घातला मी, आणि स्वतः कुडकुडले. शोलिंगचं बी इथं उगवेल रे, झकास उगवेल. मग एवढ्या उताराला दोहडू कोण पांघरणार? तू?"

पालमोनं खाली बसून धारेच्या पोत्याचं तोंड बांधलं, दोन गाठी मारून.

मित्रांनो, माझ्यावर दया करू नका, ती मला आवडत नाही. मी कुरूप नाही, आळशी नाही. शोलिंगला राहिले असते तर सतलजकाठच्या पोरांनी माझे दाणे खिशात भरून नेले असते. मला प्रेमानंच इथं आणलं आणि प्रेमानंच जगवलं, आणि तरी मी अडकले. तुम्ही कधी कुठे झाड लावाल तेव्हा त्याचं फळ किती मोठं हे विचारण्याआधी ते कुठल्या थंडीत, कुठल्या पावसात वाढलं आहे हे विचारा. शेजारच्या टेकडीवरचं वेडंवाकडं झाड दिसायला साधं असेल, त्याच्याकडे आधी जा. आणि ज्या झाडाचं तुम्ही कौतुक करता, त्याची एक तरी बी फोडून बघा. कौतुकाखाली ते एकटं पडलेलं असू शकतं.

अंगरूप पातेल्यात बघत उभा होता. शेवटी पुटपुटला, "आमा, हे सगळ्यांसमोर सांगायचं होतं? घरात सांगितलं असतंस तर चाललं नसतं?"

रतनभगती माझ्या खोडाचा आधार घेत उठली. दोहडू नीट खांद्यावर घेतला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली, "घरात सत्तेचाळीस वर्षं गप्प बसले, ती माझी चूक. ती सगळ्यांनी ऐकली. आता तुझी ऐक. डोळ्याला लांब दिसलं की तुझा हात पुढे होतो, आत बघायची तुला सवय नाही. समितीचा प्रमुख तू राहा, सह्या कर, फोटो काढ. बी निवडायला तू लायक नाहीस. ते मी आणि पालमो निवडू. तू हे धारेचं पोतं खांद्यावर घे आणि चढायला लाग. आणि वाटेत त्यातला एक दाणा जरी तोंडात टाकलास ना अंगरूप, तर जेवायला खाली उतरू नकोस."